फौजेच्या छायेतील गादी

बारामतीहून इंदापुराकडे जाताना अंथुर्णे मागे पडले की शेळगाव लागते. गतवर्षी तेथे आपल्या ज्ञातिबांधवांचा मेळावा भरला होता. श्रीमंत यशवंतराव होळकर यांच्या प्रतिमेस पुष्पहार घातला गेला, भाषणे झाली, मुलांना बक्षिसे वाटली गेली. भोजनोत्तर मंडळी सावलीला विसावली असता एका वयोवृद्ध गृहस्थांनी आम्हांस बाजूला घेतले व हळूच विचारले, "यशवंतरावांनी पुणे लुटले असे नातवाच्या पुस्तकात छापले आहे. ते खरे असेल तर आपण हार कशाला घालतो? आणि खोटे असेल तर आपल्यातला शिकलेला कोणी ते खोडून का काढीत नाही?"

प्रश्न सरळ होता, पण त्याचे उत्तर होय किंवा नाही एवढ्यात देण्यासारखे नव्हते. म्हणून स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा हाच विषय घ्यावा असे आम्ही ठरविले. पुणे यशवंतरावांच्या अमलात नागविले गेले, हे खरे आहे. परंतु त्यापूर्वी चार वर्षे तेच पुणे आणखी एकदा नागविले गेले होते. आणि ते परचक्राने नव्हे, तर ज्या फौजेच्या बळावर पेशवा गादीवर बसला होता तिनेच नागविले होते. या दोन्ही प्रसंगांचे मूळ एकच आहे. गादीपाशी फौजेला द्यावयास पैसा नव्हता, आणि तरीही आपल्याच माणसांविरुद्ध फौज बोलावण्याचा मोह तिला आवरत नव्हता.

जुन्या काळी मराठ्यांची फौज म्हणजे मुख्यतः घोडदळ. दसऱ्यास सीमोल्लंघन करून ते मुलूखगिरीस निघे आणि पावसाळ्यापूर्वी परत येऊन आपापल्या वाडी-वस्तीवर विखुरले जाई. सरदाराला सरंजाम असे, शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, आणि चार महिने तरी राजधानीच्या आसपास शिपाई दिसत नसे. पानिपतानंतरच्या काळात हे चित्र पालटले. महादजी शिंद्यांनी सव्हॉय प्रांतातील द बॉयन या सेनानीकडून कवायती पलटणी उभारविल्या. तोफा आणि बंदुकी चालविणारा हा शिपाई बारमाही चाकरीचा. त्याला शेत नाही, परतण्याची घाई नाही, रोख पगार मात्र महिन्याच्या महिन्याला हवा. पगार थकला की शिपाई सरदाराच्या दारी धरणे धरून बसत. असा अडलेला सरदार मग आपल्या धन्याच्या दारी जाऊन बसे. महादजी होते तोवर या पलटणी उत्तरेत राहिल्या आणि त्यांनी मराठ्यांचे नाव दिल्लीपर्यंत गाजविले. तेच बळ पुण्याच्या वेशीवर येऊन बसले तेव्हा काय झाले, ते पुढे येईलच.

याच सुमारास आपल्याच घराण्यात याच्या अगदी उलट असे एक उदाहरण घडत होते. नीरेकाठच्या होळ गावच्या मल्हाररावांनी तलवारीच्या बळावर माळव्यात राज्य उभे केले. ते १७६६ साली वारले आणि पुढल्याच वर्षी नातू मालेरावही गेला. त्या वेळी दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी राघोबादादांना बोलावणे धाडले. बाईमाणूस गादी काय सांभाळणार, हा त्यांचा हिशेब होता. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी इतर सरदारांशी संधान बांधले, लढाईची तयारी ठेवली, आणि पुण्यास थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांचाच हक्क मानला. पुढे फौजेची मुखत्यारी तुकोजी होळकरांकडे आणि मुलकी कारभार व खजिना महेश्वरी बाईंकडे, अशी वाटणी झाली. स्वारीच्या खर्चावरून दोघांत खटके उडत, पत्रांतून कडक शब्द जात. पण पैसा मागावयाचा तो सेनापतीने आणि तो द्यावयाचा की नाही हे ठरवावयाचे ते बाईंनी, ही रीत जवळजवळ तीस वर्षे मोडली नाही. घाट आणि देवळे बांधणाऱ्या पुण्यश्लोक बाईंचे आपण नित्य स्मरण करितो. जमाखर्चाच्या वह्या हाती ठेवून सेनापतीला थांबविणाऱ्या बाईंचे स्मरण मात्र आपल्या सभांतून फारसे होत नाही. आमच्या मते त्यांची खरी थोरवी तेथेच आहे.

१७९४च्या फेब्रुवारीत महादजी वारले. १७९५च्या ऑगस्टात अहिल्याबाई गेल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये खर्ड्यावर निजामाचा मोड करून विजयाच्या शिखरावर उभे असलेले पुणे ऑक्टोबरात सवाई माधवरावांच्या अकाली मृत्यूने हादरले. तरुण पेशवा शनिवारवाड्याच्या सज्जातून खाली कोसळला. त्याला अपत्य नव्हते. पुढचे वर्षभर गादीचा जो खेळ झाला तो वाचताना आजही मन विषण्ण होते. नाना फडणीस, परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे, त्याचा कारभारी बाळोबातात्या पागनीस हे आज एकमेकांचे मित्र तर उद्या वैरी होत. राघोबादादांचा मुलगा बाजीराव आधी पसंत झाला, मग बाजूस सारला गेला. त्याचा धाकटा भाऊ चिमाजीआप्पा १७९६च्या उन्हाळ्यात पेशवा झाला आणि डिसेंबरात पुन्हा बाजीराव. प्रत्येक पालटात निर्णायक वजन पडले ते दौलतरावाच्या छावणीचे. त्या वेळी दौलतराव पंधरा-सोळा वर्षांचा पोर होता. पण छावणी त्याची होती. बाजीरावाने गादीसाठी त्याला दोन कोटी रुपये कबूल केले. पेशव्यांच्या खजिन्यात एवढी रक्कम नव्हती. फौज ठरलेले काम करून मोकळी झाली, देणे मात्र तसेच राहिले. आणि देणे फिटेपर्यंत छावणी हलावयाची नव्हती.

ऑगस्ट १७९७मध्ये तुकोजी होळकर पुण्यास वारले. त्यांचे चार पुत्र. काशीराव थोरले, पण दुबळे, मल्हारराव कर्तबगार, विठोजी व यशवंतराव हे नाटकशाळेचे, तरी मल्हाररावांच्या बाजूचे. काशीरावांनी दौलतरावाचे साहाय्य मागितले. एका महिन्याच्या आत, सप्टेंबरमध्ये, शिंद्यांच्या पलटणींनी पुण्यातच मल्हाररावांच्या तळावर छापा घातला. मल्हारराव मारले गेले. त्यांचा वंशज खंडेराव हे बालक शिंद्यांच्या कैदेत गेले. विठोजी आणि यशवंतराव निसटले. पेशव्याच्या राजधानीत, पेशव्याच्या डोळ्यांदेखत, एका सरदाराने दुसऱ्या सरदाराच्या पुत्राला मारले आणि पेशवा गप्प राहिला. बाजीराव बोलला असता तर कोणाच्या जिवावर बोलला असता, हाही प्रश्नच आहे.

नानांची पाळी त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी आली. मुकेल फिलोज या शिंद्यांच्या परदेशी सेनानीने दिलेल्या वचनावर विसंबून ते छावणीत भेटीस गेले. तेथे त्यांना धरले, सोबतच्या माणसांची शस्त्रे काढून घेतली, शहरात त्यांच्या पक्षाच्या लोकांचे वाडे लुटले आणि नानांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. १७९८च्या आरंभी दौलतरावाने कागलकर सर्जेराव घाटग्यांची कन्या बायजाबाई हिच्याशी लग्न केले आणि सासरा दिवाण झाला. फौजेचा पगार थकलेला होता. दोन कोटींची मागणी उभीच होती. पुण्यातील सधनांकडून रक्कम वसूल करावी, ही वाट बाजीरावानेच दाखविली असे ग्रँट डफ लिहितो. मग घाटग्यांनी सावकारांना, कारकुनांना, जुन्या कारभाऱ्यांना पकडून आणले. पैसा काढून घेण्यासाठी माणसांना तापलेल्या तोफेला बांधण्यापर्यंत मजल गेली, आणि त्यात माणसे मेली. पुण्याची पहिली लूट ती ही. आपल्याकडील शाळकरी पुस्तकांत तिला एखादी ओळ मिळते. कारण ती लढाईनंतरची लूट नव्हती, ती सरकारच्या संमतीने झालेली वसुली होती.

नाना पुढे दहा लाख रुपये देऊन सुटले व पुन्हा कारभारात आले. परंतु १८००च्या मार्चात ते वारले आणि जमाखर्च जाणणारा शेवटचा माणूस गेला. त्याच वर्षाअखेर उत्तरेतील यशवंतरावांच्या हालचालींमुळे दौलतरावाला माळव्याकडे निघावे लागले. चार-पाच वर्षे छावणीच्या दडपणाखाली काढलेल्या बाजीरावास आता मोकळा श्वास घेता आला. त्या मोकळेपणाचे त्याने काय केले, तर जुने सूड उगविले. विठोजी होळकर त्या वेळी दक्षिणेत धामधूम करीत होते. बापू गोखल्यांनी त्यांना पकडून पुण्यास आणले. १६ एप्रिल १८०१ रोजी शनिवारवाड्यासमोर विठोजींना हत्तीच्या पायाशी बांधून मारण्यात आले. विठोजी निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या टोळ्यांनी पेशव्याचा मुलूख त्रस्त केला होता. पण सरदारपुत्राला असे मरण देणे म्हणजे यशवंतरावांना पुण्याचे निमंत्रणच होते.

यशवंतरावांनी १८०१च्या उन्हाळ्यानंतर उज्जयिनीस शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला. उलट सर्जेराव घाटग्यांनी ऑक्टोबरात इंदूर लुटून जाळले. मग १८०२ साली यशवंतराव खानदेशमार्गे दक्षिणेत उतरले. त्यांच्या मागण्या अवाजवी नव्हत्या : खंडेरावांची सुटका, होळकरांचा जप्त मुलूख परत, शिंदे-होळकरांच्या वादात पेशव्याने मध्यस्थी करावी. पेशव्याने ठाम उत्तर दिले असते तर इतिहास बदलता. पण बाजीराव दौलतरावाच्या कुमकेची वाट पाहत राहिला आणि निरोपांवर निरोप धाडीत राहिला.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. यशवंतरावांच्या आघाडीची फौज फत्तेसिंग मान्यांच्या हाताखाली भीमा-नीरेच्या प्रदेशात शिरली आणि ऑक्टोबर १८०२मध्ये बारामतीपाशी तिने पेशव्याच्या फौजेचा मोड केला. मागून यशवंतराव नगरकडून येऊन जेजुरीस त्यांना मिळाले. जेजुरी हे होळकरांचे कुलदैवत. तेथील दगडी बांधकामात त्यांच्या घराण्याचा मोठा वाटा आहे. होळकरांची हजारो घोडी पूर्वजांच्या नीरेकाठी उतरली होती. पण घोडी ती घोडीच. शेकडो बैलांचे तोफखाने, हजारो जनावरे, त्यांच्यामागे पेंढाऱ्यांच्या टोळ्या. अशी फौज ज्या माळावर उतरते तेथील गवत कोणाच्या मेंढ्यांसाठी राखले आहे, हे ती विचारीत नाही. आश्विनाचा तो महिना. बाजरी खळ्यात येण्याचे दिवस, ज्वारी नुकतीच वर आलेली. ज्या घराण्याच्या नावाने आपली छाती फुगते, त्या घराण्याच्या झेंड्याखालची फौज आपल्याच पूर्वजांच्या शिवारांतून गेली. ही गोष्ट शेळगावच्या सभेत कोणी बोलले नाही, आम्हीही नाही. ती या पानांवर तरी नोंदविली जावी.

२५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या दिवसांत, हडपसरजवळ लढाई झाली. शिंद्यांचा सदाशिवभाऊ आणि पेशव्याची फौज एका बाजूस, यशवंतराव दुसऱ्या बाजूस. काही काळ पारडे शिंद्यांकडे झुकले होते. स्वतः यशवंतराव घोडदळ घेऊन तुटून पडले तेव्हा विजय झाला. पलटणींचे गोरे सेनानी दोन्ही बाजूंना होते आणि दोन्ही बाजूंना पडले. बाजीराव लढाईचा रंग पाहून सिंहगडाकडे निघून गेला.

येथे वयोवृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येते. जिंकल्यावर यशवंतरावांनी पुणे लुटू दिले नाही. त्यांचेच शिपाई शहराकडे धावले तेव्हा त्यांनी आपल्या तोफा त्यांच्यावर रोखून त्यांना परतविले. पळालेल्या पेशव्यास त्यांनी अन्नसामग्री पाठविली आणि परत येण्याविषयी निरोप धाडले. त्यांना गादी उलथावयाची नव्हती. गादीवरचा माणूस आपल्या हाती हवा होता. बाजीराव परतला नाही. तो रायगड, महाड करीत कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या जहाजातून वसईस पोहोचला. मग यशवंतरावांनी जुन्नराहून अमृतरावास आणले, त्याच्या मुलाला, विनायकरावाला, गादीवर बसविण्याचा घाट घातला. आणि पुढचे सगळे ठरल्याप्रमाणे झाले. फौजेचा पगार थकला होता. खजिना रिकामा होता. नव्या सरकारने जो मार्ग धरला तो घाटग्यांनी चार वर्षांपूर्वी आखून ठेवलेलाच होता. पुण्याच्या घराघरांतून सक्तीने पैसा काढण्यात आला, आणि त्या वेळी तोफा कोणावर रोखल्या गेल्या नाहीत. तेव्हा पुस्तक खोटे नाही, अर्धे आहे.

वसईस ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. सहा हजारांची इंग्रज पायदळ फौज कायमची पदरी ठेवावयाची, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यावयाचा, इंग्रजांना विचारल्यावाचून कोणाशी युद्ध वा तह करावयाचा नाही. शिंद्यांच्या छावणीला कंटाळलेल्या, होळकरांच्या तोफांना भ्यालेल्या पेशव्याने शेवटी अशी फौज बोलाविली की जिचा पगार कधीच थकणार नव्हता. एप्रिल १८०३मध्ये जनरल वेलस्ली दक्षिणेकडून अकलूज-बारामतीच्या वाटेने आला. पुणे जाळण्याचा अमृतरावाचा बेत आहे अशी बातमी लागताच घोडदळासह सुमारे साठ मैलांची मजल बत्तीस तासांत मारून २० एप्रिल रोजी तो पुण्यात शिरला. मे महिन्यात बाजीराव त्याच्यामागून गादीवर परतला. सात महिन्यांच्या आत नीरेकाठाने दोन फौजा पाहिल्या.

असे प्रकार फक्त आपल्याकडेच झाले असे नाही. १७१९ साली सय्यद बंधूंनी बादशहा फर्रुखसियर यास दिल्लीत तख्तावरून ओढले तेव्हा बाळाजी विश्वनाथाच्या मराठी फौजा सय्यदांच्या बाजूने शहरात उभ्या होत्या. त्या वेळी आपण पाहणारे होतो, पाऊणशे वर्षांनी तेच दृश्य पुण्यात झाले. अलीकडचेच पाहावयाचे तर पाकिस्तानात ७ ऑक्टोबर १९५८ रोजी अध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी स्वतःच राज्यघटना रद्द करून लष्करी कायदा पुकारला व सेनापती अयूबखानांच्या हाती अंमलबजावणी दिली. वीस दिवसांनी त्याच सेनापतींनी मिर्झांना पदच्युत करून परदेशी पाठविले. तेथे फौजेचा पगार थकलेला नव्हता. पण मुलकी सत्ताधीशानेच आपल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध फौजेला वाट मोकळी करून दिली, एवढे साम्य पुरेसे आहे. ब्रह्मदेशात १९६२ साली आणि पुन्हा २०२१ साली काय झाले ते वाचकांस ठाऊक आहे.

यशवंतरावांच्या पुढील पराक्रमाविषयी आपल्या स्मरणिकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. १८०४ साली त्यांनी कर्नल मॉन्सनच्या फौजेची दाणादाण उडविली. शिंदे आणि भोसले नमल्यावरही ते एकटे लढत राहिले. १८११ साली भानपुऱ्यास त्यांचा अंत झाला. परंतु त्यानंतर होळकरांच्या दरबारात काय घडले, त्याविषयी आपण सहसा मौन बाळगतो. गादीवर अल्पवयीन मल्हारराव, कारभार तुळसाबाईंच्या हाती, आणि भोवती पगार थकलेल्या पठाणी व इतर पलटणी. पुण्याला जे शिंद्यांच्या छावणीने केले, तेच आपल्या घरात आपल्या छावणीने केले. डिसेंबर १८१७मध्ये महिदपूरच्या लढाईच्या तोंडावर, तुळसाबाई इंग्रजांशी तह करतील या संशयाने त्यांच्याच सैन्यातील सरदारांनी त्यांना धरले आणि क्षिप्रेच्या काठी त्यांचा शिरच्छेद केला. लगेच, २१ डिसेंबरला, तीच फौज महिदपुरास हरली. पंधरा दिवसांनी मंदसोरचा तह झाला. ज्या घराण्यात अहिल्याबाईंनी सेनापतीस हिशेब विचारला होता, त्या घराण्यात बावीस वर्षांनी सेनेने कारभारणीचे शिर उतरविले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत पेशवाईही संपली आणि सालीना आठ लाखांच्या नेमणुकीवर बाजीराव बिठूरास गेला.

शेळगावच्या त्या गृहस्थांना आम्ही एवढे सगळे त्या दिवशी सांगू शकलो नाही. हार घालावा की न घालावा, या त्यांच्या प्रश्नावर आमचे मत मात्र आम्ही दिले : घालावा, आणि त्याच सभेत अहिल्याबाईंच्या वह्यांविषयी आणि तुळसाबाईंच्या मरणाविषयीही बोलावे. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि आमच्या गावाचे काय झाले त्या साली?"

त्या सालानंतर लगेच, १८०३-०४मध्ये, पाऊस हुकला. फौजांनी धान्य आणि वैरण आधीच उचलली होती. त्यावर अवर्षण आले तेव्हा दख्खनभर भयंकर दुष्काळ पडला. इंदापूर परगणा आधीच कमी पावसाचा. तेथील गावे ओस पडली. पुढे ती पुन्हा वसविण्यासाठी साऱ्याचा आकार वर्षावर्षाने चढत जाईल असे इस्ताव्याचे कौल द्यावे लागले. इंग्रजी अमलातही त्या परगण्याची घडी लवकर बसली नाही. प्रिंगल साहेबाने ठरविलेला सारा रयतेस झेपला नाही आणि जमिनी पुन्हा पडीक पडल्या. शेवटी १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सारा हलका करून तीस वर्षांसाठी कायम करणारी नवी पाहणी हाती घेतली, ती सर्वांत आधी इंदापूर तालुक्यातच. पुढे हीच पद्धत मुंबई इलाखाभर लागू झाली. आपल्या आजोबांच्या जुन्या कागदांवर जे सर्व्हे नंबर दिसतात, त्यांचा आरंभ त्या पाहणीत आहे.